बँडवाल्याच्या पिक्चरचा खरा शेवट

प्रिय आत्या,

काल मी बँडवाल्याचा पिक्चर शेवटपर्यंत बघितला.

तुला जाऊन वर्ष व्हायला आलं. एवढ्या दिवसांत तुला पत्रबित्र लिहावं असं माझ्या डोक्यात कधी आलं नाही. तुझ्या फोटोला हार घालतानाही मी गप्पच असतो. आई हात जोडून काहीबाही पुटपुटते, मी हार घालतो आणि बाहेर येतो. पण काल थिएटरातून बाहेर पडलो आणि वाटलं, आता हिच्याशी भांडल्याशिवाय आपली सुटका नाही. गेलेल्या माणसाशी भांडायचं तर लिहूनच भांडावं लागणार, नाही का?

हल्ली जुने पिक्चर पुन्हा लावतात, आत्या. नवे चालत नाहीत म्हणून जुन्यांना धुऊनपुसून परत उभे करतात. नगरला आता ते सरकत्या जिन्याचं थिएटर आहे. त्याच्या बाहेर पोस्टरवर तो दिसला. तोच लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, हातात ट्रम्पेट. मी भर रस्त्यात गाडीचा ब्रेक दाबला. मागचा रिक्षावाला माझ्या आईबापाचा उद्धार करून गेला आणि मी त्याला उलटून एक शब्द बोललो नाही. मी! तू असतीस तर तुझा विश्वास बसला नसता.

तू असतीस तर पोस्टर बघून ओरडली असतीस, "ए ऋष्या, आपला बँडवाला!"

कारण तू कुठल्याच पिक्चरचं नाव लक्षात ठेवलं नाहीस. विहिरीचा पिक्चर. काचेच्या बांगड्यांचा पिक्चर. त्या मुडद्या वकिलाचा पिक्चर. तिकिटाच्या खिडकीवरही तू तसंच मागायचीस, "दोन द्या, त्या विहिरीच्या पिच्चरची." आणि आतला माणूस डोक्याला हात लावायचा. मला तेव्हा लाज वाटायची. आता मीही नावं विसरायला लागलोय.

आठवतं ना, आपण किती चोरून जायचो? तू अण्णांना सांगायचीस, ब्लाउजचं अस्तर संपलंय, नगरला जाऊन येते, पोराला नेते पिशव्या धरायला. अण्णा म्हणजे तुझा सख्खा भाऊ आणि माझा बाप, पण तुला त्यांची भीती माझ्यापेक्षा जास्त. नवऱ्याने नांदवलं नाही म्हणून भावाच्या दारात राहणाऱ्या बाईने पिक्चरला जाणं म्हणजे काय! शिवणकाम करून स्वतःच्या पैशाने गेली तरी काय! एकदा आपल्याला उशीर झाला तर ते ओट्यावरच उभे होते. "अस्तर आनायला गेल्ती का इनायला?"

आणि आपल्या वाडीला येणारी गाडी एकच. मुक्कामाची एस्टी. ती नगरच्या स्टँडवरून सुटायची तेव्हा दुपारचा शो सुटायला अवकाश असायचा. ती चुकली की तिसगावपर्यंत दुसऱ्या गाडीने, आणि तिथून वाडीपर्यंत अंधारातून पायी, आणि मग ओट्यावर अण्णा. म्हणून आपण शेवट कधी बघितलाच नाही. पडद्यावर मारामारी रंगात यायची आणि तू माझं मनगट धरायचीस. "ऊठ." सगळ्या रांगेच्या पायांवर पाय देत आपण बाहेर. बाहेर ऊन असायचं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी.

"रडू नको, गाडीत सांगते पुढचं," तू म्हणायचीस.

आणि सांगायचीस! न बघितलेला शेवट, बघितल्यासारखा. खिडकीशी मी, शेजारी तू, मांडीवर अस्तराची पिशवी. करंजीचा घाट उतरेपर्यंत व्हिलन मेलेला असायचा आणि तिसगाव यायच्या आत लग्न लागलेलं असायचं. पुढच्या सीटवरची माणसं मान वळवून ऐकायची. कंडक्टरसुद्धा लोखंडी दांड्याला टेकून उभा राहायचा. "ताई, जरा थांबा, तेवढी मागची तिकिटं फाडून येतो. तोवर त्या पोरीला मारू नका!"

तुझ्या एकाही शेवटात कुणी पोरगी मेली नाही, आत्या. एकीलाही कुणी माहेरी आणून टाकलं नाही.

तू गेल्यावर मी एकटाच जातो. आता मोटरसायकल आहे, एस्टीची घाई नाही. तिसगावला डेअरीवर लागलोय, हे तू जायच्या आधीच ठरलं होतं. सकाळी दूध घ्यायचं, संध्याकाळी दूध घ्यायचं. मधली दुपार रिकामी, आणि रिकामी दुपार लई वाईट असते. घरात बसलो की अण्णा पेपर वाचता वाचता म्हणतात, "कालिज सोडलंच हाय तर निदान गोठा तरी झाडावा मान्सानं." मग मी नगरला जातो.

काय काय बघितलं ते तुला सांगायचं राहून गेलंय. कुणाला सांगणार? स्नेहलला सांगायचो, आता तेही बंद. तिचं पुढे येतंच.

एक कुऱ्हाडीचा पिक्चर बघितला. साऊथचा, हिंदीत केलेला. हिरो एका कुऱ्हाडीने एवढी माणसं मारतो की तालुक्यात मतदानाला कुणी उरू नये. दाढी आहे, बिडी आहे, आई आहे. कामधंदा काही नाही, पण बूट नवे. पोरं शिट्ट्या मारत होती. मीही आधी मारल्या. मग कंटाळा आला. प्रत्येक वेळी तो वळून बघतो तेव्हा आधी त्याची चप्पल दाखवतात, मग लुंगी, मग कुऱ्हाड, मग तोंड. अरे, एकदाच सगळा दाखवा ना! आमच्याकडे वासरू विकायला आणलं तरी याच्यापेक्षा लवकर दाखवतात.

शेवट मला बघायला मिळाला नाही. पुढच्या रांगेतलं एक पोरगं मोबाईल वर धरून व्हिडिओ काढत होतं. त्या उजेडाने डोळ्यांना त्रास होत होता. दोनदा नीट सांगितलं. तिसऱ्यांदा म्हणालं, "तुह्या बापाचं थेटर हाय का?" मग मी त्याची कॉलर धरली. पुढचं तुला माहीत आहे. दारावरच्या माणसाने मला बाहेर काढला, त्याला नाही. जिन्यावर उभं राहून मी हसत सुटलो. आत्या, आता एस्टी नाही तरीही माझा शेवट हुकला!

मग तो शिलाई मशीनचा पिक्चर. मराठी. हा मी खास तुझ्यासाठी बघितला. सगळ्या थिएटरात आम्ही चार टाळकी. नवरा गेलेली एक बाई मशीनवर कपडे शिवून पोरीला शिकवते. गोष्ट बरी होती. पण ती बाई मशीन चालवते तेव्हा खड्खड् आवाज येतो आणि तिचे पाय पायडलवर नुसते ठेवलेले! हलतच नाहीत! वर कापड सरकतंय, सुई चालतेय, खाली पाय गप्प. मी मोठ्याने म्हणालो, "अहो, पाय हलवा की!" मागच्या आजी हसल्या. एवढे लाख खर्चून पिक्चर काढतात आणि एका शिवणाऱ्या बाईला विचारत नाहीत. तुझ्या पोटऱ्या रात्री किती दुखायच्या, मी तेल लावून द्यायचो, ते कुठून येणार त्यांच्या पडद्यावर?

पण एका ठिकाणी मात्र मला गप्प बसवलं त्या बाईने. तोंडात टाचण्या धरलेल्या असतात आणि त्याच वेळी तिला रडू येतं. टाचण्या आहेत म्हणून तोंड उघडता येत नाही. तशीच बसून राहते. ते मात्र कुणीतरी बघून केलं होतं. तुलाही मी तशी बसलेली पाहिलंय, दवाखान्यातून आल्यावर. पोटातलं दुखणं तू पोटातच ठेवलंस. आम्हाला सांगितलंस तेव्हा डॉक्टरकडेही सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. का गं असं केलंस?

तिसरा, रडायचा पिक्चर. हा तर सगळ्या कॉलेजच्या पोरापोरींनी बघितला. माझ्या शेजारी एक पोरगी हुंदके देत होती आणि तिचा मित्र तिला पॉपकॉर्न भरवत होता. गोष्ट अशी, की पोराला पोरगी नाकारते, कारण तो गरीब. मग तो रागाने परदेशात जातो आणि हेलिकॉप्टरातून परत येतो. लोक टाळ्या वाजवत होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. नाकारलेला माणूस हेलिकॉप्टरातून येत नाही, आत्या. तो डेअरीवर बसून लोकांच्या दुधाची फॅट काढतो, आणि नाकारणारीच्या घरचं दूध आलं की कॅनमध्ये ओतताना उगाच हळू ओततो. एवढंच होतं. हे कुणी दाखवत नाही.

नाकारलं हा शब्दही खरा नाही. स्नेहलने मला कधी नाही म्हटलं नाही. तू होतीस तोवर तर सगळं चांगलं चाललं होतं.

तिची तुझी भेट एकदाच झाली, ब्लाउज शिवायला आली होती तेव्हा. माप घेताना तू तिला विचारलंस, "आमचा ऋष्या तरास देतो का गं एस्टीत?" ती म्हणाली, "नाही हो, जागा धरतो." ती गेल्यावर तू दोरा दाताने तोडत म्हणालीस, "पोरगी चांगलीय. नीट वाग. मी बोलते तिच्या घरी." बोलते म्हणाली होतीस! तिचे वडील गुरुजी, तुझ्या शब्दाला मान देणारे. तू जांभळी साडी इस्त्री करून ठेवली होतीस. मग दवाखाना सुरू झाला आणि साडी तशीच राहिली. तुझा शब्द टाकायचा राहिला तो राहिलाच. अण्णा कशाला जातील? "धड नोकरी न्हाई, डिग्री न्हाई, कोन्च्या तोंडानं मागू?" हे त्यांचं. खोटं नाही, पण बोलायची काय गरज होती?

डिग्री. तुला वाटायचं मी माफी मागायला हवी होती. कॉलेजात एक पोरगा स्नेहलबद्दल घाण बोलला आणि मी त्याला पार्किंगमध्ये आडवा केला. सर म्हणाले, वडिलांना घेऊन ये, लेखी माफी दे. मी म्हणालो, त्याची माफी आधी. त्यांनी दार दाखवलं, मी गेलो. तू म्हणालीस, "चार ओळी लिहिल्या असत्या तर बोटं झडली असती का?" मला अजूनही वाटतं, झडली असती.

आता मुद्द्याचं. रविवारी तिचं लग्न आहे. मुलगा पुण्यात कंपनीत आहे, फ्लॅट आहे. दिसायलाही बरा आहे म्हणतात. तिसगावातच कार्य आहे आणि बँडची सुपारी गण्याच्या पार्टीला आहे. गण्या म्हणजे तोच, तुझ्या तेराव्याला जेवताना ज्याला ठसका लागला होता. तो कॅसिओ वाजवतो. मी आणि त्याने मिळून एक ठरवलं होतं.

हसू नकोस. मी बँडचा लाल कोट घालून त्यांच्यात उभा राहणार होतो. मला वाजवता काही येत नाही. गण्या म्हणाला, "खुळखुळा धर अन् हालव. बँडवाल्याच्या तोंडाकडं कोन बघतंय?" मंगलाष्टकं संपायला आली की गण्याने त्या बँडवाल्याच्या पिक्चरमधलं गाणं धरायचं. तेच, जे हिरो तिच्या खिडकीखाली वाजवतो. मग स्नेहल मान वर करणार, मला बघणार, आणि पाटावरून उतरणार.

का उतरणार? कारण पिक्चरमध्ये ती उतरते! तूच सांगितलं होतंस!

आठव. पिक्चरचा तेवढा भाग आपण बघितला होता. मोठ्या घरची पोरगी, बँडवाल्यावर जीव. तिचं लग्न ठरतं आणि नेमका त्याच्याच बँडला बोलावतात. तो लाल कोट घालून मांडवात उभा राहतो, ट्रम्पेट ओठाला लावतो, आणि तू माझं मनगट धरलंस. "ऊठ." पुढचं एस्टीत सांगितलंस. तो तिचं गाणं वाजवतो. अंतरपाट खाली पडतो. ती मुंडावळ्या काढून भटजींच्या हातात देते, पाटावरून उतरते, आणि दोघं बँडच्या टेम्पोत बसून निघतात. बाकीचे बँडवाले मागे वाजवतच राहतात. सगळी एस्टी हसली होती. कंडक्टरने दोनदा बेल मारली होती आनंदाने.

हा माझा सगळ्यात आवडता शेवट. स्नेहलला पहिल्यांदा एस्टीत जी गोष्ट सांगितली ती हीच. घाटात. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती. शेवटाला हसली. म्हणून तर मी खुळखुळा धरायला निघालो होतो.

आणि काल बघितलं. आत्या, तो तिचं गाणं वाजवत नाही.

बँडचा मुकादम सांगतो ते वाजवतो. लग्नातली वाजवतात तीच. एक सूरही चुकत नाही. ती एकदा त्याच्याकडे बघते आणि परत खाली बघते. अक्षता पडतात, त्याच्या कोटावरही पडतात. तो झटकतो. मग पंगत. बँडवाले सगळ्यात शेवटच्या पंगतीला. नवराबायको आग्रह करत फिरतात, आणि ती ताट घेऊन त्याच्यासमोर येते. जिलबी वाढते. "अजून एक घ्या ना," म्हणते. तो म्हणतो, "पुरे."

संपलं. पुढे नुसता टेम्पो जाताना दाखवलाय, आत दमून झोपलेली माणसं.

लोक उठून निघून गेले. झाडणारी बाई आली तरी मी बसलेलो. पुढची पंधरा वर्षंही मला तो "पुरे" ऐकू येत राहील. एवढा चांगला पिक्चर मी बघितला नाही, आणि एवढा कुणाचा रागही मला कधी आला नाही.

पार्किंगमधून स्नेहलला फोन लावला. उचलणार नाही असं वाटलं होतं. उचलला. मागे बायकांचं हसणं, काचेचा आवाज.

"कासार आलाय घरी. लवकर बोल."

मी म्हणालो, "स्नेहल, बँडवाल्याच्या पिक्चरमध्ये ती उतरत नाही."

मागचं हसणं लांब गेलं. मग हळू म्हणाली, "माहितीय मला."

"कधीपासून?"

"तू सांगितलास त्याच दिवशी. घरी जाऊन मोबाईलवर बघितला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगताना किती खूश होतास, ऋषी. तुझ्या तोंडावर कसं सांगायचं, की असं नाहीये म्हणून?"

मग तीच बोलली. "रविवारचं कळलंय मला. गण्याच्या बहिणीने सांगितलं. ते गाणं वाजवू नका. मी उतरणार नाही. मी नुसती रडेन, आणि मग त्या घरात मला जन्मभर त्या रडण्याचं कारण सांगत बसावं लागेल. एवढं करशील?"

"आणि तुझ्या मनाचं काय?"

"मनाचं आता विचारतोस होय." मग मागून कुणीतरी ओरडलं, पोरी हात दे इकडं. "ठेवते," म्हणाली.

मी गाडीला लाथ मारली. इंडिकेटर फुटला. मला अजून काय येतं?

घरी आलो तर आई भाकरी थापत होती. तिला म्हणालो, आज बँडवाल्याचा पिक्चर बघितला. ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "त्यो व्हय? त्यो तर तुझ्या आत्यानं कवाच बघितला हुता."

"माझ्याबरोबर. अर्धा."

"न्हाई रं. सगळा. पयल्यांदा लागला हुता अन् तिचं नवीन लगीन झालं हुतं तवा, श्रीरामपूरला. तिच्या नवऱ्यानं दावलेला तेवढा एकच पिच्चर. दिवाळीला माहेरी आली तवा मला सांगत बसली हुती. त्या जिलबीपाशी आली अन् लई रडली. मी म्हन्लं, अगं येडे, पिच्चरच हाय की." आणि मग पीठ मळत म्हणाली, "त्या दिवाळीला तिला न्यायला कोनी आलंच न्हाई."

भाकरी करपली. आमच्यापैकी कुणीच तिच्याकडे बघत नव्हतं.

म्हणजे तुला माहीत होतं!

मग मला आठवलं, आत्या. त्या दिवशी आपण स्टँडवर पोचलो तेव्हा वाडीची गाडी फलाटावर लागलीसुद्धा नव्हती. आपण बाकावर बसून भेळ खाल्ली. मी म्हणालो होतो, "अजून टाइम होता की, बघितला असता!" तू म्हणालीस, "तिखट लागतंय का बघ." शेवट चुकावा म्हणून तू मला उठवलंस. गाडीचं फक्त निमित्त.

का गं? मी लहान होतो म्हणून? मी रडेन म्हणून? की तुला तो शेवट परत बघायचा नव्हता? एकदा बघून आलीस आणि त्याच साली तुलाही माहेरीच सोडून दिलं. मग त्या एस्टीत तू पोरीला पाटावरून उतरवलंस ते कुणासाठी? माझ्यासाठी, की सगळ्या गाडीसाठी, की तुझ्यासाठीच?

तू सांगणार नाहीस. तू कधीच सांगितलं नाहीस. तुझ्या नवऱ्याचं नाव मला आजही माहीत नाही.

रात्रभर मी हेच घोळवत पडलो होतो. जगात मला दोनच बायका अशा भेटल्या, ज्यांना मी कॉलेज सोडलेला, डोकं फिरलेला ऋष्या म्हणून नको झालो नाही. आणि दोघींनी मला तेच खोटं दिलं. दोघींनी शेवट बघितला होता आणि मला मांडवातच उभा ठेवला, ट्रम्पेट ओठाला लावून. माझ्यावर एवढी माया करायची काय गरज होती? एकीने जरी तोंडावर सांगितलं असतं तर मी एवढी वर्षं धरून बसलो नसतो. रागावलो असतो, चार दिवस जेवलो नसतो, आणि सोडून दिलं असतं.

नसतं दिलं. माहीत आहे. पण म्हणू दे मला.

सकाळी गण्याला फोन करून सांगितलं, मी येत नाही, ते गाणंही धरू नकोस. तो म्हणाला, "आरं पन कोट तुझ्या मापाचा करून आनलाय! अन् खुळखुळा कोन धरनार?" मी म्हणालो, कुणीही धरेल, त्यात काय आहे. मग त्याने विचारलं, "बराय ना ऋष्या तू?" मी फोन ठेवला.

बरा नाही, आत्या. खोटं कशाला सांगू. यातून काही चांगलं निघेल असं मला वाटत नाही. लोक म्हणतात वय आहे, विसरशील. तू विसरलीस?

तरी तुला एक वचन देतो. बरा होईन असं नाही, पुन्हा कॉलेजला जाईन असंही नाही. तेवढं मागू नकोस. रविवारचं वचन.

डेअरी मारुतीच्या देवळासमोरच आहे. रविवारी संध्याकाळी लग्नाआधी नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघेल, बँड लावून, घोड्यावर, तेव्हा दूध घ्यायची वेळ असेल. शटर मी खाली ओढणार नाही. लोक कॅन घेऊन रांगेत असतील, त्यांचं दूध थांबवून चालत नाही. मी फॅट काढत राहीन. तो घोड्यावरून उतरेल, नारळ फुटेल. रांगेतलं कुणीतरी नक्की म्हणेल, "ऋष्या, बघ की, गुरुजींचा जावई कसा दिसतोय!"

मी मान वर करीन. त्याच्याकडे नीट बघीन. आणि म्हणेन, "चांगलाय."

भांडण अजून मिटलेलं नाही, हे ध्यानात ठेव.

तुझा,
ऋष्या